झारच्या दरबारातलं पहिलं नाटक

१६४८ साली झार अलेक्सेई मिखाइलोविचने गावोगाव फिरणाऱ्या सोंगाड्यांवर बंदी घातली. त्यांची वाद्यं मोडून जाळायचा हुकूम सुटला. तोच झार १७ ऑक्टोबर १६७२ रोजी मॉस्कोजवळच्या प्रेओब्राझेन्स्कोये गावी नाटक बघायला बसला आणि म्हणे दहा तास जागचा हलला नाही.

नाटक होतं ‘अर्तक्सेर्क्सोवो देइस्त्वो’. कर्ता योहान गोटफ्रीड ग्रेगोरी, मॉस्कोच्या जर्मन वसाहतीतला लुथेरन पाद्री. राजपुत्र पीटर जन्मून आठवडा व्हायच्या आत ग्रेगोरीला फर्मान आलं: बायबलातल्या एस्तेरच्या गोष्टीवर नाटक बसव. कसलेले नट आणायला एक कर्नल कुरलँडला पाठवला होता, पण त्याच्यासाठी थांबतो कोण? वसाहतीतली साठेक पोरं गोळा करून पाद्रीबुवांनी तालमी सुरू केल्या. इकडे लाकडी नाट्यगृह उभं राहिलं, आत लाल-हिरवं कापड लागलं. नाटक बघणं पाप तर नव्हे, ही झारची शंका त्याच्या धर्मोपदेशकाने बायझंटाईन सम्राटांचा दाखला देऊन मिटवली. संगीतालाही झार आधी नाखूषच होता.

पण एस्तेरच का? राजा अहश्वेरोश गर्विष्ठ वश्तीला दूर करतो, मर्दखयने वाढवलेली साधी एस्तेर राणी होते आणि कपटी हामान फासावर जातो. आता दरबाराकडे बघा. झारची दुसरी राणी नताल्या नारिश्किना ही आर्तामोन मात्वेयेवच्या घरात वाढलेली, आणि या नाट्यशाळेचा खरा सूत्रधार तोच मात्वेयेव, परराष्ट्र खात्याचा प्रमुख. राणी जाळीआडून बघत होती. मर्दखय म्हणजे कोण, हे उपस्थित सरदारांना वेगळं सांगायची गरज नसावी. मला तरी ही बायबलकथेपेक्षा मात्वेयेवची जाहिरातच जास्त वाटते.

जाहिरात फार काळ पुरली नाही. १६७६ साली झार वारला, मात्वेयेव उत्तरेत हद्दपार झाला, नाट्यशाळा बंद पडली. संहिताही गडप झाली. अभ्यासकांच्या हाती ती लागली विसाव्या शतकाच्या मध्यावर, एकदम दोन ठिकाणी: रशियात वोलोग्दाच्या हस्तलिखितात आणि फ्रान्समध्ये लियाँला. लियाँच्या प्रतीत जर्मन मजकूरही आहे. रशियन भाषांतर परराष्ट्र खात्यातल्या मंडळींचं. त्यात काही पानं पद्यात चालतात, काही मध्येच गद्यात घसरतात.