फौजीची घरधनीण आणि स्वतःचं घर



आपल्या गटांमध्ये फौजींच्या घरातल्या कितीतरी ताई आहेत. कुणाचे मालक सीमेवर, कुणाचा मुलगा नुकताच भरती झालेला, कुणाचे सासरे पेन्शनर. पश्चिम महाराष्ट्रात तर गावंच्या गावं फौजींची. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जवान कामी आले. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या नावातच ‘सैनिक’ आहे.

15 ऑगस्टला आणि 26 जानेवारीला अशा ताईंना आपण मानाने पुढे बसवतो. त्यांच्या मनातही कृतज्ञता असते. वर्दीने पगार दिला, मुलांना शाळा दिली, दवाखाना दिला, गावाबाहेरचा देश दाखवला. देशाचं आपण देणं लागतो, असं त्या मनापासून म्हणतात. ही भावना खरी आहे आणि ती जपायलाच हवी.

पण याच ताईंना विचारा, “स्वतःचं घर झालं का?” बऱ्याच जणी म्हणतात, “बघू, हे सुट्टीवर आले की ठरवू.” सुट्टी महिना-दीड महिन्याची. त्यात लग्नकार्य, शेती, दवाखाना. मग घाईत प्लॉट बघितला जातो, ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवून बयाणा दिला जातो, आणि फौजी परत ड्युटीवर गेला की कागद, बँक आणि हप्ता हे सगळं घरधनिणीच्या गळ्यात पडतं. म्हणून या अंकात एकच गोष्ट समजून घेऊ. फौजीच्या घराने घर घ्यायची तयारी कशी करायची, आणि त्यात ताईने काय काय स्वतःच्या हातात ठेवायचं.

पहिला हिशोब: पगारावर नाही, पेन्शनवर

मास्तर किंवा क्लार्क साठीच्या आसपास निवृत्त होतो. शिपाई म्हणून भरती झालेला जवान बहुतेक वेळा चाळिशीच्या आत-बाहेरच घरी येतो. 15 वर्षं सेवा झाली की त्याला पेन्शन लागू होते. म्हणजे गृहकर्ज 20 वर्षांचं, आणि नोकरी उरलेली सात-आठ वर्षांची, असं सहज होतं. सगळा घोळ इथेच असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, जवानाचं वय 30. त्याने 20 लाखांचं कर्ज 20 वर्षांसाठी घेतलं. व्याज 9 टक्के धरलं तर महिन्याचा हप्ता साधारण 18,000 रुपये. नोकरीत असताना पगार, महागाई भत्ता, फील्डचा भत्ता मिळून हा हप्ता जड वाटत नाही. सात वर्षांनी तो निवृत्त झाला. तोपर्यंत हप्त्यांपोटी सुमारे 15 लाख रुपये भरून झाले. आता कर्ज किती उरलं असेल? बऱ्याच जणी म्हणतील पाच-सहा लाख. प्रत्यक्षात उरतं साडेसोळा लाखांच्या आसपास! कारण सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा भाग व्याजातच जातो. पहिल्याच हप्त्यात सुमारे 15,000 व्याज आणि फक्त 3,000 मुद्दल असते.

आता पेन्शन बघा. समजा, निवृत्त होताना मूळ पगार 35,000 आणि मिलिटरी सर्व्हिस पे 5,200, मिळून 40,200. पेन्शन त्याच्या निम्मी, म्हणजे 20,100, आणि त्यावर महागाई भत्ता. नोकरीतले बाकीचे भत्ते बंद. पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. सैन्यात ही मर्यादा निम्म्या पेन्शनपर्यंत आहे. ती निम्मी विकली तर महिन्याला सुमारे 10,000 रुपये कमी येतात, आणि ती कपात 15 वर्षं चालते. मग 18,000 चा हप्ता कुठून भरायचा?

म्हणून नियम सोपा ठेवा. हप्ता ठरवताना आजचा पगार बघू नका, उद्याची पेन्शन बघा. पेन्शनच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा हप्ता मोठा नको. निवृत्तीनंतर दुसरी नोकरी लागेल ही आशा चांगली, पण ती हिशोबात धरू नका. कर्ज मोठं घ्यावंच लागलं, तर निवृत्तीच्या वेळी हातात येणाऱ्या रकमेतून किती फेडायचं, हे आधीच वहीत लिहून ठेवा.

अग्निवीरांच्या आया आणि बायकांनी तर जास्तच जपून. 2022 पासून सुरू झालेल्या या भरतीत सेवा चार वर्षांची आहे. त्यानंतर चारातला एकच, म्हणजे जास्तीत जास्त 25 टक्के, पुढे कायम होतात. बाकीच्यांना सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी मिळतो, पेन्शन नाही. चार वर्षांच्या पगारावर 20 वर्षांचं कर्ज काढू नये.

आपल्याकडे काय जमलं आहे?

बँका 30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देऊ शकतात. म्हणजे 20 लाखांच्या घराला निदान दोन लाख स्वतःचे हवेत. शिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणी फी (किमतीच्या 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000), वकील, बँकेचा खर्च, लाईट-पाणी, रंगरंगोटी. हे वरचे पैसेच लोक विसरतात.

ते कुठून आणायचे? फौजीच्या एएफपीपी फंडात पैसे साठलेले असतात. घरासाठी त्यातून रक्कम काढता येते. आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंडाकडूनही घरासाठी कर्ज मिळतं. आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन ही संस्था 1978 पासून सैनिकांसाठी घरं बांधते. हवाई दल आणि नौदलासाठी वेगळं हाउसिंग बोर्ड आहे. या सगळ्याची माहिती त्यांच्या युनिटच्या ऑफिसात मिळते. फोनवर बोलताना नुसतं “कसं आहे, जेवलात का” एवढ्यावर थांबू नका. “फंडात किती जमलेत?” हेही विचारा.

दोन गोष्टी मात्र टाळा. पहिली, गटाचं कर्ज काढून घराचा बयाणा देऊ नका. गटात महिना 2 टक्के दर असेल तर ते वर्षाला 24 टक्के झालं. गटाचं कर्ज धंद्याला, अडीनडीला. दुसरी, घरकुलाच्या भरवशावर थांबू नका. घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाच्या यादीतून ते कुटुंब वगळलं जातं. फौजीची नोकरीही सरकारी नोकरीच.

आणि घर घेतल्यावर हात अगदी रिकामा नको. निदान सहा हप्त्यांएवढे पैसे बाजूला असू द्यात.

कागद बघताना

सणाच्या सुमारास तिरंग्याच्या जाहिराती येतात, “फौजी बांधवांसाठी खास सवलत”. सवलत असेल तर आनंदच. पण जाहिरातीवरचा तिरंगा म्हणजे जागेचा मालकी हक्क नव्हे. फौजीच्या घरात पगार नियमित येतो हे विकणाऱ्याला माहीत असतं, आणि फौजीला वेळ नसतो हेही.

गावात जागा घेताना:

• सातबारा, 8अ आणि फेरफार बघा. विकणाऱ्याचंच नाव आहे का? इतर हक्कात बँकेचा बोजा, बहिणींचा हिस्सा, वहिवाटीचा वाद आहे का?

• जागा एनए आहे का? नुसत्या शेतजमिनीचा गुंठा-दोन गुंठ्याचा तुकडा घेतला तर तुकडेबंदी कायद्यात अडकतो, बँक कर्ज देत नाही. तलाठ्याकडे म्हणजे ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे आधी विचारा.

• ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घरपट्टीसाठीचा उतारा आहे. त्यावर नाव आहे म्हणजे मालकी पक्की झाली असं नाही. गावठाणात स्वामित्व योजनेतून मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक मागा.

• वकिलाकडून 30 वर्षांचा शोध अहवाल करून घ्या. चार-पाच हजार वाचवायला जाऊन लाखो अडकवू नका.

तालुक्याला किंवा शहरात फ्लॅट घेताना प्रकल्पाची जागा 500 चौरस मीटरपेक्षा मोठी आणि घरं 8 पेक्षा जास्त असतील तर महारेराची नोंदणी सक्तीची असते. नोंदणी क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर तपासा. मोबाईलवर जमत नसेल तर गटातल्या शिकलेल्या पोरीला सोबत घ्या. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. किंमतही कार्पेट एरियावर, म्हणजे भिंतींच्या आत वापरायला मिळणाऱ्या जागेवर, समजून घ्या.

घर कुणाच्या नावावर?

महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021 पासून राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. 20 लाखांच्या घराला 20,000 रुपये वाचतात. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत मिळत नाही. बँकेचं कर्ज मात्र नवऱ्याच्या पगारावर असतं, त्यामुळे तो कर्जात भागीदार राहील. फंडातून किंवा युनिटमार्फत पैसे घेणार असाल तर घर कुणाच्या नावावर चालतं, हे करार करण्याआधी विचारा.

एकटीच्या नावावर जमत नसेल तर निदान दोघांच्या नावावर घ्या. सासरच्या जुन्या घराबद्दलही बोला. घरावर पत्नीचंही नाव लागावं म्हणून 2003 मध्ये शासनाने ‘घर दोघांचे’ हा निर्णय केला, आणि शेतजमिनीसाठी 1992 पासून ‘लक्ष्मी मुक्ती’ आहे. ग्रामसेवक आणि तलाठ्याकडे अर्ज देता येतो.

मालक सीमेवर आणि सही इथे

फौजी सहीला येऊ शकत नसेल तर तो पत्नीला मुखत्यारपत्र देऊ शकतो. ते विशेष असावं. कोणतं घर, किती किमतीपर्यंत, कोणत्या सह्या, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं नोटरीचं मुखत्यारपत्र दस्त नोंदणीला चालेलच असं नाही. तो जिथे राहतो तिथल्या दुय्यम निबंधकासमोर ते साक्षांकित करावं लागतं. म्हणून सुट्टीत आलेला असतानाच हे काम उरका. आणि लक्षात ठेवा, मुखत्यारपत्र देणाऱ्याचा मृत्यू झाला की ते संपतं.

म्हणून बाकीचे कागदही सरळ हवेत:

• लग्नाची आणि मुलांची नोंद सैन्याच्या रेकॉर्डमध्ये, म्हणजे पार्ट टू ऑर्डरमध्ये, झाली आहे का? नावाचं स्पेलिंग आधार आणि बँकेशी जुळतं का? पेन्शनपासून सगळं यावर अवलंबून आहे.

• बँक खातं दोघांचं असावं, आणि दोघांपैकी कुणालाही व्यवहार करता येईल असं.

• गृहकर्जाला विमा घेणार असाल तर युद्धात किंवा चकमकीत मृत्यू झाला तर पैसे मिळतात का, हे लेखी विचारा.

• नॉमिनी लावला म्हणजे वारस ठरला असं नाही. मृत्युपत्र करून ठेवणं चांगलं. त्यात अशुभ काही नाही.

ज्या ताईंचे मालक देशासाठी गेले, त्यांच्याशी आपण फार जपून बोलतो. पण एक गोष्ट मात्र बोललीच पाहिजे. एकरकमी मदत आली की सल्ला देणारे वाढतात. दीर म्हणतो जागा घेऊ, भाऊ म्हणतो माझ्या नावावर घेऊ, लवकर जमेल. अशा वेळी काही महिने कसलाच व्यवहार करू नका. पैसे स्वतःच्या नावावर मुदत ठेवीत ठेवा. कुठल्याही कोऱ्या कागदावर सही नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय प्रत्येक वीरपत्नीचं हक्काचं दार आहे. तिथे एकटीने जायला अवघड वाटलं तर गटातल्या दोघी सोबत जा. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टीतून सूटही आहे. त्यासाठी अर्ज ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत द्यावा लागतो.

जागेवरून कोर्टकज्जा झाला तर हेही माहीत असू द्या. 1925 च्या भारतीय सैनिक (दावे) अधिनियमानुसार युद्धकाळात किंवा जाहीर केलेल्या खास सेवेवर असलेल्या जवानाच्या पाठीमागे त्याच्याविरुद्धचा दावा परस्पर निकाली निघू नये, यासाठी कोर्ट काम थांबवू शकतं.

पंचसूत्री घरालाही लावा

आपली पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित नोंदी. ज्या बाईने पाच वर्षं गटाचं दप्तर सांभाळलं, तिला घराचा हप्ता, व्याज, मुद्दल समजायला काहीच अवघड नाही. फक्त वही आता घरासाठी उघडायची. एका पानावर आजचा पगार, दुसऱ्यावर पेन्शन किती बसेल, तिसऱ्यावर फंड आणि बचत, चौथ्यावर बघायचे कागद.

येत्या महिन्याच्या बैठकीत फौजींच्या घरातल्या ताईंनी ही चार पानं भरून आणावीत. हिशोबात अडलं तर सीआरपी ताईंनी मदत करावी. ज्यांची चारही पानं भरली, त्यांनी मालक सुट्टीवर येतील तेव्हा ती त्यांच्यापुढे ठेवावीत. मग जागा बघायला निघायचं. तोपर्यंत बयाणा नाही.

त्यांनी सीमा सांभाळली. घराचा उंबरठा आपल्या नावाने आणि आपल्या हिशोबाने उभा करणं आपल्याला जमण्यासारखं आहे.