प्रतीक्षेचा काळ

रायपूरजवळील माना विमानतळास २०१२ साली स्वामी विवेकानंदांचे नाव देण्यात आले. १८७७ साली बालवयीन नरेंद्र नागपूरहून रायपूरला बैलगाडीने आला, तेव्हा प्रवासास पंधरवड्याहून अधिक काळ लागला. परंतु वाटेतील अरण्यशोभेत त्याचे मन रमले होते. आज त्याच विमानतळावर तासाभराचा विलंबही प्रवाशास असह्य होतो. असे का व्हावे?

व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये याचा उलगडा केला. रिकामा वेळ कामात गेलेल्या वेळेपेक्षा दीर्घ भासतो. चिंता त्यात भर घालते. म्हणूनच सुरक्षा तपासणीच्या रांगेत कासावीस झालेला प्रवासी तपासणी आटोपताच निवांत होतो. कारण न कळलेला विलंब तर सर्वाधिक जाचतो. दिल्लीतील दाट धुक्यामुळे रायपूरचे विमान खोळंबले, तर कारण व अपेक्षित वेळ सांगितल्याने तोच तास सुसह्य होतो.

बँकेच्या काउंटरसमोरही हाच न्याय लागू पडतो. टोकनमुळे रांग आखूड होत नाही. अनिश्चितता मात्र दूर होते. विलंब अटळ असेल, तेव्हा ग्राहकास त्याची वेळीच कल्पना देणे हीसुद्धा सेवाच होय.