शंभर रुपयांचे भांडवल

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात फुलसावंगी नावाचे गाव आहे. भोवतालचा मुलूख कापसाचा, तुरीचा आणि अलीकडच्या काळात सोयाबीनचा. अशा गावांच्या बाजारात भाजीपाला, लसूण, मिरच्या, मुरमुरे किंवा बांगड्या घेऊन बसलेल्या स्त्रिया तुम्ही पुष्कळदा पाहिल्या असतील. पुढ्यात गोणपाट पसरलेले, हाती तराजू आणि डोक्यावर ऊन. गिऱ्हाइकाने पावणेदोन किलो वांगी मागितली, तरी त्यांना कागद-पेन्सिल लागत नाही. तोंडी हिशेब करून त्या उरलेले सुटे पैसे त्याच्या हातावर ठेवतात. कोणता माल कोणत्या दिवशी खपेल, सायंकाळी भाव किती उतरवावा, उधारी कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये, हे सारे त्यांना ठाऊक असते. व्यापारी याहून निराळे काय करतो? तरी आपण त्यांना व्यापारी म्हणत नाही; भाजीवाली म्हणतो आणि पुढे जातो.

हाती कसब आहे, बाजाराची पारख आहे, कष्टांची तयारी आहे. मग अशा स्त्रीचा धंदा वर्षानुवर्षे एका गोणपाटावरच का राहतो? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला थोडे गणित करावे लागेल.

आकडे सोपे असावेत म्हणून असे समजू, की बाजाराच्या दिवशी पहाटे माल घेण्यासाठी एका बाईला शंभर रुपये हवे आहेत आणि ते तिच्याजवळ नाहीत. ती कोणाकडून तरी ते उसने घेते. अट अशी, की सकाळी शंभर घ्यावेत आणि सायंकाळी एकशेदहा परत करावेत. दिवसभराच्या विक्रीतून तिला पंचवीस-तीस रुपये सुटतात. त्यांतले दहा गेले, तर तिला फारसे काही वाटत नाही. उलट वेळेवर पैसे देणाऱ्याचे उपकारच वाटतात. परंतु पुढच्या आठवड्यात ती पुन्हा रिकाम्या हातांनी उभी असते आणि पुन्हा शंभर रुपये घेते. वर्षाचे बाजार बावन्न. म्हणजे वर्षभरात तिने ५२० रुपये केवळ व्याजापोटी दिले. आणि ज्या शंभर रुपयांसाठी दिले, ते वर्षाच्या अखेरीसही तिचे झाले नाहीत. हेच शंभर रुपये तिला बँकेकडून शेकडा बारा दराने वर्षभरासाठी मिळाले असते, तर व्याज झाले असते अवघे बारा रुपये. ५२० आणि १२ हे दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहून पाहा.

धंदा सुरू करण्यासाठी जो पैसा आधी घालावा लागतो, त्याला भांडवल म्हणतात. कारखान्याला भांडवल लागते हे आपणांस पटकन कळते. मेथीच्या जुडीलाही ते लागते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

मग ती बाई बँकेत का जात नाही? जाते, पण तेथे तिला तारण विचारले जाते. कर्ज फिटले नाही तर ज्यातून ते वसूल करता येईल, अशी वस्तू म्हणजे तारण. शेत सासऱ्याच्या नावावर असते, घर नवऱ्याच्या. अंगावर एखादा दागिना असलाच, तर तो आजारपणासाठी आणि लग्नकार्यासाठी जपून ठेवलेला. महाराष्ट्रात १९९४ साली आणि पुढे २००५ साली साऱ्या देशात कायदा बदलला आणि वडिलार्जित मिळकतीत हिंदू कुटुंबातील मुलींना मुलांच्या बरोबरीचा वाटा मिळाला. परंतु कायद्याने दिलेला हक्क आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यावर उतरलेले नाव यांत अजूनही पुष्कळ अंतर पडते. बँकेची बाजूही समजून घेतली पाहिजे. पाचशे रुपयांच्या कर्जाला जेवढे कागद रंगवावे लागतात, जवळजवळ तेवढेच पाच लाखांच्या कर्जाला लागतात. व्याज मात्र एकातून नाममात्र येते आणि दुसऱ्यातून भरपूर. तेव्हा लहान कर्ज मागणाऱ्याला ताटकळत बसवण्याकडे कोणाचाही कल होतो. त्यातून मागणारी व्यक्ती सही करू न शकणारी स्त्री असली, तर बोलायलाच नको.

ही अडचण केवळ खेड्यातली नाही. मुंबईच्या गिरणगावात ती हजारो स्त्रियांनी सोसली आहे. लालबाग, परळ, वरळी या भागांत एके काळी कापडगिरण्यांची धुराडी दाटीने उभी होती. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार बायकामुलांना गावी ठेवून तेथे राहत. एकेका खोलीत दहा-पंधरा माणसे. एका पाळीचे कामगार उठून कामावर गेले, की त्याच जागी दुसऱ्या पाळीचे येऊन झोपत. यांच्या जेवणाची सोय चाळीतल्या स्त्रियाच करीत. आपल्याच खोलीत चूल मांडून पंधरा-वीस माणसांना दोन वेळ जेवू घालायचे, याला खानावळ म्हणत. भल्या पहाटे उठून भाकऱ्या थापायला बसावे, तेव्हा पहिल्या पाळीचे डबे वेळेवर तयार होत.

या धंद्याची मेख अशी, की जेवण आधी द्यावे लागे आणि पैसे महिना उलटल्यावर, पगार झाल्यावर मिळत. म्हणजे महिनाभराचे तांदूळ, पीठ, तेल, मासळी, सरपण, सगळा खर्च खानावळवालीने आधी करायचा. हे पैसे तिने कोठून आणावेत? वाणी उधार देई, पण चढ्या भावाने. सावकार पैसे देई, पण मंगळसूत्र ठेवून घेई. पगाराच्या दिवशी कामगारांकडून आलेली रक्कम सायंकाळपर्यंत वाण्याच्या आणि सावकाराच्या हाती पोचे, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा उधारीचे पीठ. दिवसाचे चौदा-पंधरा तास राबून ती स्त्री होती तेथेच राही.

१९७३-७४ साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. पगार बंद पडले. तरी पोरे उपाशी राहू नयेत म्हणून या बायकांनी स्वतः कर्ज काढून चुली पेटत्या ठेवल्या. संप मिटला, कामगारांच्या मागण्यांची चर्चा झाली. ज्यांच्या जिवावर संप चालला, त्या स्त्रियांच्या कर्जाचे काय, हे मात्र कोणी विचारले नाही. विचारणाऱ्या निघाल्या त्या प्रेमा पुरव. तरुणपणी गोव्याच्या मुक्तिलढ्यात उतरलेल्या आणि नंतर मुंबईच्या कामगार चळवळीत वावरलेल्या या बाईंनी १९७५ साली या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

१९६९ साली सरकारने चौदा मोठ्या बँका आपल्या ताब्यात घेतल्या होत्या आणि लहान धंदेवाल्यांनाही कर्जे द्यावीत, असे त्यांचे धोरण ठरले होते. मंडळाने या बँकांचे दार ठोठावले. तारणाचा प्रश्न पुढे येताच, स्त्रियांचे लहान लहान गट करावेत आणि गटातील प्रत्येकीने दुसरीला जामीन राहावे, असा मार्ग निघाला. जमीन नाही, घर नाही, परंतु शेजारीण आहे. आणि ही बाई कर्ज बुडवील की फेडील, हे शेजारणीइतके कोणाला कळणार? बँकेची पायरी कधी न चढलेल्या स्त्रिया गटाने बँकेत गेल्या, अर्जावर अंगठे उमटवून पैसे घेऊन आल्या, आणि हप्त्याहप्त्याने ते फेडू लागल्या. सावकाराकडची मंगळसूत्रे हळूहळू घरी परतली.

तथापि धंद्याला एकच विघ्न असते असे थोडेच आहे! १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा पुन्हा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. कित्येक गिरण्या पुन्हा कधी धड चालल्याच नाहीत. कामगार गावोगाव परतले आणि खानावळींचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले. सारा धंदा एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर उभा असला, तर ते जाताच तो कसा कोसळतो, हे तेव्हा दिसले. मंडळाला जेवण पुरवण्याची नवी कामे शोधावी लागली. प्रेमाताईंना २००२ साली भारत सरकारने पद्मश्री देऊन गौरविले.

एकमेकींना जामीन राहण्याची ही रीत पुढे खेड्यांतही रुजली. दहा ते वीस स्त्रियांनी दरमहा ठरलेली रक्कम एकत्र टाकायची, त्यातून गरजवंतीला कर्ज द्यायचे, आणि गटाचा व्यवहार चोख आहे असे दिसले म्हणजे बँकेने गटाला मोठे कर्ज द्यायचे. अशा बचत गटांना बँकांशी जोडण्याचे काम १९९२ साली नाबार्डने हाती घेतले. आज विदर्भातही असे गट ठिकठिकाणी आढळतात. मात्र भांडवल मिळाले की धंदा चाललाच, असे नाही. एका गटाने पापड केले म्हणून गावातल्या पाचही गटांनी पापडच केले, तर घेणार कोण? आणि पापड करणाऱ्या बाईला किंमत विचारा. ती उडदाच्या डाळीचे, तेलाचे, पापडखाराचे पैसे बरोबर सांगेल. लाटण्यात गेलेल्या तिच्या चार तासांचे काही धरणार नाही. घरच्या कामाचे पैसे धरण्याची सवयच नसते ना! १९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. त्यातून लिज्जत पापडाचा मोठा उद्योग उभा राहिला. तेथे लाटणाऱ्या हातांची मजुरी हिशेबात धरलेली असते.

आता सातारा जिल्ह्यात जाऊ. तेथे पैसे मिळवण्यापेक्षा ते सुरक्षित ठेवण्याची अडचण मोठी ठरली. जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुका आहे. पाऊस थोडा, जमीन खडकाळ, मेंढरे फार. तेथील म्हसवड या गावी चेतना गाला सिन्हा विवाहानंतर मुंबईहून राहायला आल्या होत्या. एके दिवशी त्यांच्याकडे कांताबाई नावाची बाई आली. ती शेतीची अवजारे घडवणारी. लोहारकाम करून रस्त्याच्या कडेलाच संसार मांडलेला. पावसाळ्यापूर्वी डोक्यावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यावा, म्हणून तिला रोज थोडे थोडे पैसे साठवायचे होते आणि बँकेत खाते हवे होते. तिने कर्ज मागितले नव्हते. स्वतःचे पैसे ठेवून घ्या, एवढेच तिचे म्हणणे. परंतु इतक्या लहान रकमेचे खाते उघडायला बँक राजी झाली नाही.

तेव्हा म्हसवडच्या स्त्रियांनी स्वतःचीच सहकारी बँक काढायचे ठरवले. बँक काढणे हे दुकान मांडण्याइतके सोपे नव्हे. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. अर्ज गेला आणि नामंजूर झाला. कारण असे, की बँक काढू पाहणाऱ्या अनेक स्त्रियांनी अर्जावर सह्यांच्या जागी अंगठे उमटवले होते. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांच्या हाती लोकांचे पैसे कसे द्यावेत? हा आक्षेप निव्वळ खोडसाळ होता असे म्हणता येणार नाही. चेतनाताई निराश होऊन परतल्या. बायका निराश झाल्या नाहीत. येत नसेल तर शिकू, असे म्हणून त्यांनी दिवसभराचे काम आटोपल्यावर रात्री पाटी-पेन्सिल हाती घेतली.

काही महिन्यांनी त्या चेतनाताईंबरोबर स्वतःच रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. आम्हांला वाचता येत नाही म्हणून आपण नकार दिला, असे त्यांनी सांगितले; आमच्या गावी शाळा नव्हती, हा आमचा दोष नव्हे; पण आम्हांला हिशेब येतो. कोणतीही रक्कम सांगा आणि तिचे व्याज आम्हांला काढायला सांगा. आपल्या अधिकाऱ्यांनीही यंत्राशिवाय ते काढावे. कोणाचे उत्तर आधी येते ते पाहू. असे आव्हान त्या कचेरीत पूर्वी कोणी दिले असेल असे वाटत नाही. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला.

बँक निघाली तरी बाजारात बसणाऱ्या बाईला दिवसाची विक्री सोडून बँकेत येणे परवडत नाही. म्हणून बँकेची माणसेच तिच्या दारी आणि बाजारात जाऊन पैसे गोळा करू लागली. रोजच्या रोज बाजूला पडणाऱ्या त्या दहा-वीस रुपयांतूनच, आपण आरंभी पाहिलेले शंभर रुपये एके दिवशी बाईचे स्वतःचे होतात.

पुढे हे व्यवहार यंत्रांवर होऊ लागले, तेव्हा प्रत्येक खातेदार स्त्रीला एक गुप्त आकडा द्यावा, असा विचार झाला. स्त्रियांना तो पसंत पडला नाही. आकडा कोणी हेरील आणि कष्टाचे पैसे काढून नेईल. अंगठा मात्र कोणाला चोरता यायचा नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. ते मान्य झाले आणि त्या अंगठ्याच्या ठशावर आपले खाते चालवू लागल्या. रिझर्व्ह बँकेकडे गेलेला पहिला अर्ज परत आला होता, तो याच अंगठ्यांमुळे.