सात सेकंदांचा ठेका

जुन्या ध्वनिमुद्रणातील एखादा तुकडा उचलून नव्या गाण्यात बसवण्याला संगीतव्यवसायात ‘सॅम्पलिंग’ म्हणतात; आणि अशा रीतीने सर्वाधिक वापरल्या गेलेल्या तुकड्यांपैकी एक कोणाच्या गळ्यातून आलेला नाही, तर १९६९ साली ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकी वाद्यवृंदाच्या ‘आमेन, ब्रदर’ या रचनेत ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेला सुमारे सात सेकंदांचा ड्रमचा ठेका आहे. ही रचना तबकडीच्या मागच्या बाजूला होती आणि त्या काळी तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

रचनेच्या मध्यात इतर वाद्ये थांबतात आणि केवळ ड्रम ऐकू येतो. अशा जागेला ‘ब्रेक’ म्हणतात. कोलमन येथे चार-चार मात्रांचे चार फेरे वाजवतात. पहिले दोन सारखे आहेत. तिसऱ्यात स्नेअर या करकरीत आवाजाच्या ड्रमवरचा शेवटचा आघात किंचित लांबणीवर पडतो. चौथ्यात पहिली मात्राच मोकळी सुटते आणि मोठी झांज अपेक्षेच्या आधी कोसळते. तबल्याचा कान असलेल्या श्रोत्याला, सम चुकवून पुन्हा पकडण्यातली ही ओढ वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शिवाय हे सारे आघात एकाच जोराचे वा घड्याळाच्या काट्याइतके समान अंतरावरचे नाहीत, आणि तालयंत्रांच्या काळात वादकांना हा तुकडा हवाहवासा वाटला तो नेमका या जिवंत असमानतेमुळे.

असा तुकडा उचलणाऱ्या ‘सॅम्पलर’ या यंत्रात ध्वनिलहरीची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मोजमाप एका आकड्याच्या रूपाने साठवले जाते. १९८७ साली आलेल्या ई-म्यू कंपनीच्या ‘एसपी-१२००’ या यंत्राचा मोजणीचा दर सेकंदाला सुमारे २६,००० होता आणि प्रत्येक मोजमापासाठी बारा बिट, म्हणजे ४,०९६ पायऱ्या, उपलब्ध होत्या. ज्या कंपनसंख्येपर्यंतचा ध्वनी टिपायचा, तिच्या दुपटीहून अधिक वेगाने मोजणी करावी लागते, असा या शास्त्राचा मूलभूत नियम असल्यामुळे या यंत्रात १३,००० हर्ट्झच्या वरचे ध्वनी, म्हणजे झांजेच्या किणकिणाटाचा बराच भाग, गळून पडत असे. स्मृती तर सगळी मिळून दहा सेकंदांची होती. यावर कलाकारांनी शोधलेली युक्ती मोठी कल्पक होती: मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांवर वाजवायची, तिचे आखूड झालेले मुद्रण साठवायचे आणि यंत्रातच ते पुन्हा संथ करायचे. सात सेकंदांचे वादन त्यामुळे पाच सेकंदांहून थोड्याच अधिक जागेत मावे, मात्र संथ होताना वरची मर्यादाही साडेनऊ हजार हर्ट्झच्या आसपास उतरे. आणि त्यातून आलेला जाडाभरडा, धुरकट नाद पुढे हिप-हॉप संगीताची ओळख बनला.

वेग बदलला की स्वरही बदलतो, कारण लहरी भरभर वाचल्या की त्यांची कंपनसंख्या त्याच प्रमाणात वाढते. मूळ ठेक्याची गती मिनिटाला सुमारे १३६ मात्रांची आहे. १९९० च्या दशकारंभी इंग्लंडमध्ये बहरलेल्या ‘जंगल’ या नृत्यसंगीतासाठी ती १७० पर्यंत नेली, तर गुणोत्तर ५:४ होते, आणि हेच गुणोत्तर षड्ज व शुद्ध गंधार यांचे असल्याने ड्रमचा अवघा आवाज षड्जावरून गंधारावर चढतो. स्वर न हलवता लांबी बदलायची असेल, तर ध्वनीचे सेकंदाच्या काही शतांशाएवढे कण पाडून ते एकमेकांवर चढवत, गरजेनुसार पुन्हापुन्हा वाजवावे लागतात. फार ताणले की कणांचे सांधे ऐकू येतात आणि धातूसारखी थरथर उमटते. जंगलच्या संगीतकारांनी हा दोष लपवला नाही, उलट मुद्दाम वापरला. त्यांनी ठेक्याचे एकेक आघात सुटे केले, क्रम बदलून नवे बोल रचले आणि कोलमन यांच्या हातून कधीच न निघालेला ठेका त्यांच्याच नादात उभा केला.

या संगीतात श्रेयाचा प्रश्न तंत्राहून अवघड आहे. गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात, एक रचनेचा आणि दुसरा प्रत्यक्ष मुद्रणाचा. ‘ज्योती’ चित्रपटातील लता मंगेशकर यांनी गायलेल्या ‘थोडा रेशम लगता है’ या गीताचे मुद्रण २००२ सालच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या अमेरिकी गाण्यात विनापरवाना वापरले गेले, तेव्हा संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव श्रेयात येईपर्यंत विक्री थांबवण्याचा आदेश लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने २००३ साली दिला. ठेका वाजवणाऱ्याला मात्र रचनाकार मानण्याची प्रथाच नव्हती, आणि ही या व्यवस्थेतली खरी उणीव होय. ‘आमेन, ब्रदर’चे हक्कधारक रिचर्ड स्पेन्सर यांना या वापराचा पत्ता १९९६ साली लागला, तोवर दाव्याची कायदेशीर मुदत टळून गेली होती; २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून त्यांना सुमारे २४,००० पौंड दिले. तोपर्यंत कोलमन यांना जाऊन नऊ वर्षे झाली होती. २००६ साली ते निर्धन आणि बेघर अवस्थेत वारले.