सापाची ऊब

गेल्या पौषातली गोष्ट. सकाळी सकाळी शेजारच्या आळीतल्या एक मावशी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यांचा मुलगा इंग्लंडात नोकरीला आहे. मावशींचा चेहरा अगदी उतरला होता. आम्ही विचारले, "काय झालं मावशी?"

"काय सांगू गुरुजी! तिकडं नातवानं घरात साप पाळलाय. अन् आता त्या सापाला विजेची शेगडी घ्यायची म्हणून बाप-लेक भांडत्यात. बाप म्हणतो दिवा घेऊ, पोरगं म्हणतं गादी घेऊ. सापाला कुठं शेगडी लागती व्हय?"

ओट्यावर बसलेली मंडळी हसली. पण मंडळी, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सापाला ऊब लागते का? किती लागते? ती कशी द्यावी? एवढे ज्याला समजले, त्याला आपल्या घोडेगावातला साप हिवाळ्यात कोठे बसतो, हेही समजेल. म्हणून हा धडा.

अंगची ऊब आणि बाहेरची ऊब

आपल्या गावचा जनावरांचा बाजार तुम्ही पाहिलाच आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे एखाद्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बघा. बाहेर कडाक्याची थंडी, पण म्हशीचे अंग गरम. आपलेही तसेच. बाहेर थंडी असो की ऊन असो, निरोगी माणसाचे अंग सुमारे ३७ अंश गरम असते. ही ऊब येते कोठून? अन्नातून. आपण जी भाकरी खातो, तिचा बराच भाग अंग गरम ठेवण्यातच खर्च होतो. पोटात जणू चूल पेटलेली आहे आणि भाकरी हे तिचे सरपण.

सापाच्या अंगात अशी चूल नाही. तो उन्हात पडला की तापतो, सावलीत गेला की निवतो. ऊब त्याला बाहेरून घ्यावी लागते. म्हणून त्याला सरपणही थोडेच लागते. एक मोठा उंदीर गिळला की त्याचे आठवडा-दोन आठवडे भागते. आपल्याला दोन वेळा जेवावे लागते, ते उगाच नव्हे!

पण यात एक अडचण आहे. सापाच्या पोटातले अन्न ऊब असली तरच पचते. अंग गार पडले, तर गिळलेला उंदीर पोटात कुजू लागतो. मग साप तो उलटून टाकतो. फार गारठला तर त्याला धड हालताही येत नाही. आणि फार तापला तर? तर तो मरतो. ४० अंशांपुढची उष्णता बहुतेक सापांना थोड्या वेळातच मारते. मोकळा साप यातून वाट काढतो. सकाळी उन्हात येतो, दुपारी बिळात जातो, संध्याकाळी तापलेल्या दगडाखाली शिरतो. त्याला पाय नाहीत, पण ऊब हवी तेथे तो बरोबर पोहोचतो.

पेटीतला साप

आता मावशींच्या नातवाचा साप घ्या. तो अमेरिकेतल्या जातीचा आहे. त्याला कॉर्न स्नेक म्हणतात. तो बिनविषारी असतो, उंदीर खातो. तिकडे अशा सापांची पैदास करून विकतात आणि ते पाळायला कायद्याची मनाई नाही. पण पेटीतल्या सापाला ऊनही नाही आणि बीळही नाही. इंग्लंडचा हिवाळा लांब आणि गार. मग त्याची ऊब मालकानेच द्यायला हवी.

ती देण्याचे तीन-चार प्रकार आहेत.

पहिला, वरून लावायचा दिवा. हा सूर्यासारखी वरून ऊब देतो. पण साप वर चढून दिव्याला वेटोळे घालतो आणि भाजतो. म्हणून दिव्याभोवती तारेची जाळी हवीच. शिवाय रात्रभर दिवा जळत राहिला, तर सापाला रात्र आणि दिवस सारखेच होतात.

दुसरा प्रकार, चिनी मातीचा गोळा. तो दिव्याच्या जागीच बसतो. तापतो, पण उजेड देत नाही. म्हणून रात्री चालतो. जाळी मात्र यालाही हवी.

तिसरा, पातळ गादी. ही विजेवर तापते आणि पेटीच्या खालून लावतात. लहान काचेच्या पेटीला ती बरी पडते. पण ती पेटीच्या एका टोकाखालीच ठेवायची, तळाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. सगळ्या तळाखाली घातली तर सापाला पळायला जागाच उरत नाही.

चौथा, विजेवर तापणारा कृत्रिम दगड. हा घेऊ नये. साप त्यावर बसून राहतो आणि पोट भाजले तरी उठत नाही. आपला हात तव्याला लागला तर आपण चटकन मागे घेतो. सापाला खालचा चटका तसा चटकन समजत नाही.

मग दिवा घ्यावा की गादी? मोठी लाकडी पेटी असेल, तर वरून ऊब द्यावी. लहान काचेची असेल, तर खालून गादी चालेल. पण खरी गोष्ट या दोहोंपेक्षा वेगळी आहे. काहीही घ्या, त्याला ऊब मोजून वीज आपोआप बंद-चालू करणारी कळ लावलीच पाहिजे. आणि पेटीचे एक टोक उबदार, तर दुसरे टोक गार हवे. कॉर्न स्नेकला उबदार टोक २८ ते ३० अंश आणि गार टोक २० ते २४ अंश मानवते. दोन्ही टोकांना लपायला आडोसा हवा. गार टोकाला पाण्याचे भांडे हवे. दोन्हीकडे उष्णता मोजायची नळी हवी. अंदाजाने काम करू नये.

थोडक्यात काय, सापाला नुसती ऊब देऊन भागत नाही. उबेपासून दूर जायची वाटही द्यावी लागते.

आमच्या हातून घडलेली चूक

हे आम्ही पुस्तकातून शिकलो असे नाही. फार वर्षांपूर्वी आम्ही एका गावी शाळेवर होतो. हिवाळ्याचे दिवस होते. पोरांनी ओढ्याकाठून एक धामण धरून आणली. धामण बिनविषारी, शेतातले उंदीर खाणारी. "गुरुजी, सगळ्या वर्गाला दाखवू," असे पोरे म्हणाली. आम्हीही हो म्हटले. एका पत्र्याच्या डब्यात तिला ठेवले आणि झाकणाला भोके पाडली. सकाळी ती अगदी मलूल दिसली. थंडीने गारठली असेल, म्हणून आम्ही डबा उन्हात ठेवायला सांगितला आणि वर्गावर गेलो.

मधल्या सुट्टीत येऊन पाहतो, तो धामण मेलेली. पत्रा हात लावू देत नव्हता. तिला ऊब हवी होती, हे आमचे म्हणणे बरोबर होते. पण सावली हवी होती, हे आमच्या ध्यानात आले नाही. मुले आमच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. एक लहान मुलगा म्हणाला, "गुरुजी, ती आतून धडका मारत आसंल." त्याला काय उत्तर द्यावे, हे आम्हाला तेव्हा सुचले नाही. आजही सुचत नाही.

तेव्हा कायदाही होता. आम्हाला तो ठाऊक नव्हता, एवढेच. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे रानचे साप धरणे, कोंडून ठेवणे, मारणे हा गुन्हा आहे. त्याला कैद आणि दंड आहे. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला पूर्वी नागपंचमीच्या आधी नाग धरून मडक्यात ठेवत. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्याला आळा बसला. टोपलीतल्या नागाला आपण दूध पाजतो, तेही त्याचे अन्न नव्हे. साप उपाशी-तहानलेला असला म्हणजे समोर येईल ते पितो.

ज्यांना साप पाहायचे असतील, त्यांनी पुण्याला कात्रजच्या सर्पोद्यानात जावे. साप कोंडून बरे ठेवायचे तर जाणती माणसे आणि रोजची निगा लागते. आपल्या डब्यात नि मडक्यात ते होत नाही.

आपल्या घराजवळचा साप

आता गावाकडे वळू. आपल्याकडे हिवाळ्यात पारा कधी कधी दहा अंशांच्या खाली जातो. साप ऊब आणि आडोसा शोधतो. तो कोठे सापडतो? कडब्याच्या गंजीत, गोवऱ्यांच्या ढिगात, सरपणाखाली, विटा-दगडांच्या राशीत, कांद्याच्या चाळीखाली. तेथे उंदीर असले तर मग विचारूच नका! आणि सकाळचे ऊन पडले की घोणस बांधावर ऊन खात पडते. वाळल्या पाल्यात ती दिसतही नाही. ज्वारीच्या रानात नि उसाच्या फडात म्हणूनच जपावे लागते.

तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

सरपण आणि गोवऱ्या घराच्या भिंतीला लागून रचू नका. थोड्या दूर ठेवा.

गोवरी काढताना आधी काठीने ढीग हलवा, मग हात घाला.

धान्य झाकून ठेवा. उंदीर कमी तर साप कमी.

रात्री बाहेर जाताना बत्ती घ्या. शेतात पायांत जाड जोडा घाला. शक्यतो खाटेवर, मच्छरदाणीत निजा.

घरात साप दिसला तर मारू नका, धरू नका. दूर उभे राहून त्याच्यावर नजर ठेवा आणि वनखात्याला १९२६ या क्रमांकावर फोन करा.

साप चावलाच तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला भाग हलू देऊ नका, माणसाला धीर द्या, १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी लस तेथे मिळते. उशीर मात्र होता कामा नये.

त्या दिवशी आम्ही मावशींच्या मुलाला फोन लावून दिला. पेटी लाकडी होती. तेव्हा वरून ऊब देणारा गोळा, त्याला जाळी आणि कळ, असे ठरले. शेवटी मावशींनी फोन हातात घेतला आणि नातवाला म्हणाल्या, "बाळा, शेगडी दे त्याला. पण सावली बी ठेव बरं का."

चार शब्दांत सारा धडा आला. आम्हाला तो शिकायला एक धामण गमवावी लागली.