खेळण्यांची सांधेदुखी

माळ्यावर वर्षानुवर्षे जपून ठेवलेला बालपणीचा शूर सैनिक हातात घ्यावा, तर त्याचे पाय गळून पडतात. नाहीतर हात जागचा हलत नाही. पण तेवढ्यावरून त्याला भंगारात काढू नका. थोडी समजूत, थोडा धीर आणि घरातल्याच चार वस्तू असल्या की तो पुन्हा आपल्या पायांवर उभा राहतो.

मे महिन्यात झाशीचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. दुपारी रस्ते ओस पडतात, कूलर घरघरत राहतात आणि सुट्टीत आजोळी आलेली नातवंडे घरात अडकून पडतात. झाशीतली मराठी घरे काही आजची नाहीत. १७४२ च्या सुमारास नारो शंकरांनी इथे पेशव्यांचा कारभार मांडला, तेव्हापासून ती इथे नांदत आहेत. अलीकडे या घरांतली मुले शिकून पुण्या-बंगळूरला जातात आणि मागे राहते ती त्यांची पत्र्याची ट्रंक. जुन्या वह्या, मुंजीतली जरीची टोपी आणि तळाशी मामाचे प्लास्टिकचे सैनिक.

भाचा हौसेने एक सैनिक उचलतो आणि त्याचे दोन्ही पाय कमरेतून निसटून खाली पडतात. पोर घाबरते, “आजी, मी नाही मोडला!” म्हणून रडकुंडीला येते. ते खरेच बोलत असते. तो सैनिक त्याने मोडलेला नसतो. वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्यांनी त्याला आतून पोखरलेले असते, पोराचा हात फक्त शेवटचे निमित्त होतो. अशा वेळी रागावण्याआधी घरातल्या मोठ्यांनी हे समजून घ्यायला हवे.

बाहुली नव्हे, सैनिक!

हातपाय हलणाऱ्या या पुतळ्यांना ‘अॅक्शन फिगर’ हे नाव मिळाले ते १९६४ साली. अमेरिकेतील हासब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ नावाचा बारा इंची सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुली म्हटले की नाक मुरडतील, म्हणून हे नवे नाव योजले गेले. १९८२ साली तोच जो पावणेचार इंचांचा होऊन पुन्हा अवतरला आणि त्याच वर्षी मॅटेल कंपनीचा पिळदार ‘ही-मॅन’ही आला.

आपल्याकडे ही-मॅन लिओ कंपनीच्या नावाने विकला जाई, तर जी. आय. जो बनवला तो फनस्कूलने. १९८७ साली स्थापन झालेल्या या कंपनीचे उत्पादन गोव्यातील कारखान्यात होत असे. नव्वदच्या दशकात वाढदिवसाला असा एक सैनिक मिळणे म्हणजे मुलांना स्वर्ग दोन बोटे उरे. दिवाळीच्या किल्ल्यावर मातीच्या मावळ्यांच्या रांगेत हा परदेशी शिपाईही बंदूक रोखून उभा असायचा! गोव्यात तयार झालेले ते सैनिक आज देशोदेशीचे संग्राहक शोधत फिरतात. म्हणून ट्रंकेतल्या सैनिकाचे मोल केवळ आठवणीचे उरलेले नाही.

आधी निदान, मग औषध

डॉक्टर जसे आधी नाडी पाहतात, तसा आधी सांधा ओळखावा. शाळेच्या पुस्तकात शिकलेले शरीरशास्त्र इथे उपयोगी पडते. कोपर आणि गुडघा हे बहुधा बिजागरीचे सांधे. ते एकाच दिशेने वाकतात. खांदा, मान आणि खुबा हे पुष्कळदा उखळीचे सांधे, म्हणजे वाटीत बसलेला गोळा. तिसरा प्रकार खटक्याचा. मोठ्या यंत्रमानवांत हात वळवताना कट-कट आवाज येतो, तो आतल्या दात्यांचा. असा सांधा मुळातच कडक असतो, त्याला आजारी समजू नये.

जुन्या जी. आय. जोचा सांधा मात्र या तिन्हींहून निराळा. त्याच्या छातीत रबराची एक बारीक कडी असते. तिचे एक टोक दोन्ही पायांना जोडणाऱ्या धातूच्या आकड्यात आणि दुसरे टोक छातीच्या आतल्या खुंटीत अडकवलेले असते. या ताणलेल्या कडीमुळे पाय कमरेशी घट्ट राहतात आणि कंबर सर्व बाजूंना वळते. ही-मॅनचे पायही कमरेच्या आत रबरी दुव्यानेच जोडलेले असतात.

रबराचे आयुष्य मर्यादित. उष्णता आणि हवा लागून ते कडक होते, त्याला चिरा पडतात आणि एक दिवस ते तुटते. झाशीच्या उन्हाळ्यात माळ्यावरची पत्र्याची ट्रंक म्हणजे भट्टीच. तिथे हे वार्धक्य लवकर येते. म्हणून पाय निसटलेला सैनिक ‘मोडला’ असे म्हणू नये, त्याची कडी संपलेली असते.

कडी बदलताना

सैनिकाच्या पाठीवर एकच स्क्रू असतो. तो काढायला घड्याळजी वापरतात तसला बारीक स्क्रूड्रायव्हर हवा. मोठ्याने खाचा झिजतात. खाली पांढरा टॉवेल अंथरावा, म्हणजे उडालेला तुकडा पलंगाखाली जात नाही. पुतळा पालथा ठेवून पाठ उचलावी. डोके, दोन हात, कमरेचा तुकडा आणि पाय सुटे होतील. कोणता हात कोणत्या बाजूचा, हे आधीच फोटो काढून ठेवलेले बरे.

जुनी कडी, किंवा तिचे तुकडे, घेऊन नळसामानाच्या दुकानात जावे. नळाच्या वायसरांबरोबर अशा रबरी कड्या, म्हणजे ‘ओ-रिंग’, तिथे मिळतात आणि खर्च किरकोळ येतो. कडी जुन्याच व्यासाची आणि जाडीची घ्यावी. “जरा जाड घेऊ, म्हणजे पक्के बसेल,” हा मोह महागात पडतो. फार ताण आला तर पायांमधला कमरेचा नाजूक तुकडाच तुटतो आणि त्याला नळवाल्याकडे औषध नाही.

नवी कडी पायांच्या आकड्यात अडकवावी. मग तिच्यातून एक दोरा ओवून तो कमरेच्या तुकड्यातून वर खेचावा, म्हणजे कडी आपोआप वर येते. तिचे टोक छातीतल्या खुंटीवर चढवावे, डोके व हात जागेवर ठेवावेत आणि पाठ बसवावी. स्क्रू घालताना एक युक्ती लक्षात ठेवावी. आधी तो हलकेच उलटा फिरवावा. जुन्या आट्यांत तो ‘टक्’ करून बसला की मगच सुलटा फिरवावा. तसे न केल्यास स्क्रू नवे आटे पाडतो आणि प्लास्टिक भुगा होऊन गळते.

सैल सांधा

उभा केला की कोसळतो, हात वर केला की खाली येतो, ही सैलपणाची लक्षणे. गोळा आणि वाटी घासून घासून झिजलेली असतात. दोन्हींमधली पकड गेलेली असते, ती थोडी जाडी वाढवून परत आणायची.

सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे लाकूडकामाचा पांढरा फेविकॉल. थोडे पाणी घालून तो दुधाइतका पातळ करावा. सांधा सहज सुटत असेल तर गोळा बाहेर काढून ब्रशने एक पातळ थर द्यावा आणि रात्रभर वाळू द्यावा. पूर्ण वाळल्यावरच सांधा जोडावा. पकड कमी वाटली तर दुसरा थर. एकदम जाड थर देऊ नये. जास्त झाला तर कोमट पाण्यात भिजवून काढता येतो, हीच या उपायाची खुबी. सांधा सुटत नसेल, उदाहरणार्थ खिळ्याने कायमचे बसवलेले कोपर, तर दातकोरणीच्या टोकाने एखादा थेंब फटीत सोडावा आणि वाळेपर्यंत मधूनमधून सांधा हलवत राहावा.

खुंटीसारखा गोल सांधा सैल असेल तर नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप एक-दोन वेढे गुंडाळावी. ती रंग खात नाही आणि हवी तेव्हा निघते.

झटपट चिकटणारे गोंद मात्र शक्यतो दूरच ठेवावेत. क्षणाचा उशीर झाला तर सांधा कायमचा जखडतो आणि त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरट डाग पडतात.

आखडलेला सांधा

सैलपणापेक्षा आखडलेपण धोक्याचे, कारण तिथे आपल्याला जोर लावावासा वाटतो. कारखान्यात रंग सांध्यात शिरून वाळलेला असतो, कधी धूळ बसून घट्ट झालेली असते, तर दमट कोकणात सांध्यातला लोखंडी खिळा गंजून फुगलेला असतो. झाशीत थंडीच्या पहाटे प्लास्टिक कडक झालेले असते. अशा वेळी पिळलात की हात खांद्यातून मोडलाच म्हणून समजा.

आखडलेल्या गुडघ्याला आजीबाई शेक देतात, तेच इथे करावे. हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो अवयव दोन-तीन मिनिटे बुडवावा. सांध्यात खिळा असेल तर पाणी नको. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा वीतभर अंतरावरून द्यावी. मग सांध्याच्या अगदी जवळ धरून, तो ज्या दिशेने वाकतो त्याच दिशेने अलगद मागेपुढे करावे. पंजा किंवा पाऊल धरून पिळू नये, तिथे तरफेचा जोर येतो. एका बैठकीत झाले नाही तर उद्या पुन्हा शेक द्यावा.

जुन्या जोच्या हातात बंदूक देण्यापूर्वीही पंजा असाच गरम करून घ्यावा. त्याचे अंगठे फार ठिसूळ असतात. अंगठा तुटलेले सैनिक संग्राहकांच्या ओळखीचे आहेत.

तेल घालायचे तर सिलिकॉनचेच, तेही दातकोरणीवर मावेल तेवढे. ट्रेडमिलच्या पट्ट्याला घालतात ते सिलिकॉन ऑइल चालते. शिवणयंत्राचे तेल, रॉकेल किंवा गंज काढणारे फवारे नकोत. त्यांनी काही प्लास्टिकांना चिरा पडतात. खोबरेल तर मुळीच नको. ते पुढे खवट होते आणि पंचवीस अंशांखाली थिजते. झाशीच्या डिसेंबरात सांधा पुन्हा आखडणार हे ठरलेले.

जपायचे कसे?

मऊ प्लास्टिक मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट पदार्थ मिसळलेला असतो. उष्णतेने तो बाहेर येतो आणि खेळणे चिकट लागते. अशी खेळणी सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने पुसून सावलीत वाळवावीत. नेलपॉलिश काढायचे द्रव लावू नये, त्याने रंग आणि प्लास्टिक दोन्ही विरघळते. मऊ प्लास्टिकचे बूट व पट्टे कडक प्लास्टिकला चिकटून डाग पाडतात, म्हणून ते वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावेत. आणि माळ्याऐवजी घरातल्या सर्वांत थंड खोलीतले, उन्हापासून दूरचे कपाट निवडावे.

विकायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट. न फोडलेल्या पाकिटातला पुतळा दुरुस्त करू नये. रबरी कडी बदललेली संग्राहकांना सहसा चालते, पण गोंद लावलेला असेल तर घेणाऱ्याला तसे सांगावे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती मात्र हे सैनिक देऊच नयेत. बारीक तुकडे गिळले जातात आणि जुन्या रंगांचा भरवसा धरता येत नाही.

मोठ्या मुलांना मात्र दुरुस्तीला शेजारी बसवावे. गरम पाणी आणि गोंद मोठ्यांच्या हाती, स्क्रू मोजायचे आणि दोरा ओवायचे काम त्यांचे. मोडलेली वस्तू म्हणजे टाकायची वस्तू नव्हे, आणि अडलेल्या ठिकाणी जोर नव्हे तर धीर उपयोगी पडतो, हे त्यांना उपदेशाविना कळते. सैनिक उभा राहिला की त्याला लगेच काचेच्या कपाटात कोंडू नका. मुलांना खेळू द्या आणि अधूनमधून त्याचे हातपाय आपणही हलवा. हलत राहिलेला सांधाच मोकळा राहतो.