वादळात घरी राहिलेली माणसे

कामगारांत काम करताना एक नियम आम्ही फार वर्षे पाळीत आलो आहोत. एखाद्याचा खाडा पडला, की त्याला कामचुकार म्हणण्यापूर्वी त्याच्या खोलीवर जाऊन यायचे. तेथे आळस क्वचितच भेटतो. आजारी बायको भेटते, तापाने फणफणलेले पोर भेटते, नाहीतर गिरवी पडलेली सायकल भेटते.

आजच्या विषयाला आम्ही हाच नियम लावणार आहोत. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर 'हरिकेन' नावाचे मोठे वादळ आले, की नंतर एक प्रश्न हटकून विचारला जातो : घर सोडा असे सरकारने आधी सांगितले होते, तरी ही माणसे घरात का राहिली? विचारणाऱ्याच्या स्वरातच उत्तर असते, की माणसे हट्टी होती, अडाणी होती. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. जे काही शिकलो ते वाचनालयात आणि गेटसभेत. पण या माणसांच्या हकिकती जसजशा वाचल्या, तसतसे हे उत्तर आम्हांला पटेनासे झाले. म्हणून आज आपण त्यांच्या खोलीवर जाऊन येऊ.

प्रथम वादळ म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. 'हरिकेन' हा शब्द कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांचा. स्पॅनिश दर्यावर्दींनी तो उचलला आणि पुढे तो इंग्रजीत गेला. पश्चिम पॅसिफिकमध्ये याच प्रकाराला टायफून म्हणतात. आपल्याकडे ते चक्रीवादळ. 'सायक्लोन' हे नाव तर हेन्री पिडिंग्टन या कलकत्त्यास राहणाऱ्या गृहस्थाने १८४८ साली रूढ केले. नावे निराळी, जात एकच. समुद्राचे पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापले, की त्याची वाफ वर चढते. तिचे ढग बनताना उष्णता सुटते, त्या उष्णतेने हवा आणखी वर जाते आणि भोवतालची हवा आत ओढली जाते. पृथ्वी फिरत असल्यामुळे ही हवा सरळ न येता गरगरत येते. मधोमध एक शांत जागा राहते. तिला डोळा म्हणतात. त्या डोळ्याभोवती ढगांची जी भिंत असते, तेथला वारा सर्वांत भयंकर. वाऱ्याचा वेग ताशी ११९ किलोमीटर झाला की अमेरिकेत त्याला हरिकेन म्हणतात. तेथून पुढे पाच पायऱ्या आहेत आणि पाचवी ताशी २५२ किलोमीटरपासून सुरू होते. येथे एक हिशेब ध्यानात ठेवावा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो.

आता एका घरात शिरू. २४ ऑगस्ट १९९२ च्या पहाटे 'अँड्र्यू' हे वादळ फ्लोरिडा प्रांतात मायामी शहराच्या दक्षिणेस, होमस्टेड गावाजवळ किनाऱ्यावर आले. फेरतपासणीनंतर २००२ साली ते पाचव्या पायरीचे ठरविण्यात आले. लोक निजानीज करून बसले होते. खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या, न्हाणीच्या टबात पाणी भरून ठेवले होते. आधी वीज गेली. मग मालगाडी घरावरून जात राहावी तसा आवाज सुरू झाला आणि तो थांबेना. हवेचा दाब उतरल्याने कानांत दडे बसले. दार आत ढकलले जाऊ लागले, तेव्हा बाप आणि मुलगे दाराला पाठ लावून उभे राहिले. एक खोली गेली की दुसरीत, दुसरी गेली की तिसरीत, असे करीत कुटुंबेच्या कुटुंबे शेवटी मधल्या कपाटाच्या खोलीत किंवा न्हाणीघरात कोंबून बसली. ब्रायन नॉरक्रॉस नावाचे हवामान सांगणारे गृहस्थ त्या रात्री टेलिव्हिजन केंद्रातून तासन् तास बोलत होते, आणि त्यांचे बोलणे रेडिओवरूनही जात होते. बॅटरीवरच्या रेडिओला कान लावून बसलेल्या माणसांना ते सांगत होते, की घराच्या मधल्या खोलीत जा आणि गादी ओढून अंगावर घ्या. अनेकांनी तसे केले आणि उजाडल्यावर गादी बाजूला सारली, तो वर छप्पर नव्हते, आभाळ होते.

डोळ्याविषयीही सांगितले पाहिजे. ज्याच्या घरावरून डोळा जातो, त्याला वाटते वादळ संपले. वारा पडतो, कधी चांदण्याही दिसतात. माणसे बाहेर येतात, शेजाऱ्याला हाका मारतात. आणि थोड्या वेळाने भिंतीची दुसरी बाजू येते, तो वारा नेमका उलट दिशेने. पहिल्या फेरीत जे खिळखिळे झाले, ते दुसऱ्या फेरीत जाते. या शांततेने पुष्कळांचा घात केला आहे.

आपल्याकडे म्हण आहे, घर पाहावे बांधून. वादळाने ते बांधलेले घर सोलून दाखविले. अँड्र्यूत पंचवीस हजारांहून अधिक घरे नष्ट झाली आणि एक लाखाहून अधिक घरांचे नुकसान झाले. इंजिनीयर पाहणीस गेले तेव्हा त्यांना असे दिसले, की एकाच वस्तीत एक घर उभे आहे आणि दुसरे जमीनदोस्त झाले आहे. वारा तर दोघांना सारखाच होता! मग फरक कोठे पडला? छपराच्या फळ्या वाशांना खिळ्यांऐवजी बारीक टाचण्यांनी ठोकल्या होत्या, आणि कित्येक टाचण्या वाशाला लागलेल्याच नव्हत्या. शेजारून हवेत गेल्या होत्या. एकदा खिडकी किंवा मोटारखान्याचे दार फुटले, की वारा आत शिरून छपराला खालून ढकलतो आणि बाहेरचा वारा ते वरून ओढतो. अशा वेळी छप्पर केवळ खिळ्यांच्या भरवशावर असते. घरांची तपासणी व्हावयाची होती, पण निरीक्षक थोडे आणि घरे फार. दिवसभरात इतक्या घरांवर सह्या करावयाच्या, की शिडी लावून छपरावर चढावयास वेळच नसे. चाकांवर आणून ठेवलेल्या हलक्या घरांची गोष्ट तर सांगावयासच नको. होमस्टेड गावात अशी १,१७६ घरे होती. त्यांतली १,१६७ पार गेली. या घरांत कोण राहत होते, हे या सभेस सांगण्याची गरज नाही.

यातून एक चांगली गोष्ट निघाली. फ्लोरिडाने बांधकामाचे नियम कडक केले आणि २००२ पासून साऱ्या प्रांताला एकच बांधकाम-संहिता लागू झाली. छप्पर भिंतीला आणि भिंत पायाला लोखंडी पट्ट्यांनी बांधणे आणि खिडक्यांना वादळी झडपा लावणे यांत अद्भुत असे काही नाही. सुताराने नीट काम करावे, त्याला ते करण्यास वेळ मिळावा आणि तपासणाऱ्याने खरोखर तपासावे, एवढेच.

पण वाऱ्यापेक्षा मोठा वैरी पाणी आहे. वादळ किनाऱ्याकडे येताना समुद्र पुढे लोटीत आणते. या लोटाने मेलेल्यांची संख्या वाऱ्याने मेलेल्यांहून कितीतरी जास्त आहे. टेक्सास प्रांतात गॅल्व्हेस्टन हे बेटावरचे शहर आहे. ८ सप्टेंबर १९०० रोजी तेथे पंधरा फुटांवर पाणी चढले, आणि त्या वेळी शहरातली सर्वांत उंच जागाही नऊ फुटांची नव्हती. निदान सहा हजार माणसे गेली. तेथल्या हवामान कचेरीचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांचे घर मजबूत बांधलेले, म्हणून शेजारचे लोकही त्यांच्याकडे आश्रयाला आले. सुमारे पन्नास माणसे झाली. पाण्याबरोबर वाहत आलेला लोहमार्गाचा सांगाडा त्या घरावर आदळला आणि घर कोसळले. क्लाइन आणि त्यांच्या मुली वाचल्या, पत्नी गेली. याच क्लाइन यांनी १८९१ साली लिहिले होते, की वादळापासून या शहराला मोठा धोका आहे असे मानणे हा भ्रम आहे. जाणत्याचाही अंदाज चुकतो. मग नेणत्याचा चुकला तर त्याला दोष देताना जीभ जरा आवरावी.

न्यू ऑर्लिन्स शहराचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. बांध आणि पंप यांच्या जोरावर ते शहर कोरडे राहते. १९६५ साली तेथे 'बेट्सी' वादळ आले. पाणी चढले तशी माणसे माळ्यावर गेली, आणि माळ्यावरून पुढे जावयास वाट नव्हती. त्यानंतर तेथल्या जुन्या कुटुंबांत माळ्यावर एक कुऱ्हाड ठेवण्याची रीत पडली. पाणी आलेच तर छप्पर फोडून वर निघता यावे म्हणून! घरात कुऱ्हाड ठेवणाऱ्या माणसाला धोका कळत नव्हता असे कोण म्हणेल? २९ ऑगस्ट २००५ रोजी 'कॅटरिना' आले, कालव्यांच्या संरक्षक भिंती फुटल्या आणि सुमारे ऐंशी टक्के शहर पाण्याखाली गेले. छप्पर फोडून वर बसलेल्या माणसांना होड्यांनी आणि हेलिकॉप्टरांनी उतरविले. ज्यांच्या अंगात छप्पर फोडण्याचे बळ नव्हते, ते आतच राहिले. लुइझियाना प्रांतातील मृतांपैकी जवळजवळ निम्मे पंचाहत्तर वर्षांचे किंवा त्याहून वयस्क होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही माणसे का राहिली? शहर सोडण्याचा सक्तीचा हुकूम निघाला तो आदल्या दिवशी, २८ तारखेला. शहरातील चारांपैकी एकाहून अधिक कुटुंबाकडे मोटार नव्हती, आणि तो देश मोटारीवाचून हलत नाही. महिनाअखेर होती, पगार, पेन्शन, सरकारी मदत यांचे पैसे पहिल्या तारखेला यावयाचे होते. पेट्रोलला आणि परगावच्या खोलीला पैसे लागतात. कोणाची आई अंथरुणाला खिळलेली होती. कोणी दवाखान्यात किंवा हॉटेलात कामाला होते आणि गैरहजर राहिले तर नोकरी जाण्याची धास्ती होती. कोणाचे कुत्रे होते आणि आसऱ्याच्या जागी जनावराला मज्जाव होता. या शेवटच्या कारणाला आम्ही आधी हसलो, पण अमेरिकन सरकारने २००६ साली कायदा करून संकटकाळी पाळीव जनावरांचीही सोय योजनेत धरावी असे ठरविले. आपला शेतकरी बैल सोडून जाईल काय, हे स्वतःला विचारले आणि आमचे हसू थांबले. शिवाय, याआधी दोनदा बाहेर पडलो, पैसे गेले, हाल झाले आणि वादळ भलतीकडेच वळले, हाही अनुभव होता. बाहेरून हट्ट दिसतो, तो आतून हिशेब असतो. हिशेब चुकतो, आणि चुकला की जीव जातो, हे खरे. पण तो ज्या आकड्यांवर मांडावा लागतो, ते आकडे त्या माणसाने ठरविलेले नसतात.

वादळ ओसरले म्हणजे संकट संपले असेही नाही. २०२० साली लुइझियानात 'लॉरा' वादळ आले. तेथे वाऱ्यातून आणि पाण्यातून वाचलेली माणसे वीज नाही म्हणून घरालगत जनरेटर लावून निजली, आणि त्याच्या विषारी धुराने झोपेतच गेली. पोर्टो रिको बेटावर २०१७ च्या 'मारिया' वादळात सरकारने आधी ६४ मृत्यू सांगितले. पुढल्या वर्षी विद्यापीठातील संशोधकांनी हिशेब केला, तेव्हा सरकारने २,९७५ हा आकडा मान्य केला. बाकीचे लोक कशाने गेले? वीज नव्हती, औषध नव्हते, रस्ता नव्हता. ही माणसेही वादळानेच मारली; फक्त सावकाश मारली.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे कोणी म्हणू नये. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. म्हणजे वर सांगितलेल्या मापाने जेमतेम पहिली पायरी. तेवढ्याने श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, दापोली, मंडणगड या भागांत काय झाले ते आपण जाणतो. करोनाची टाळेबंदी चालू होती आणि मुंबईची कित्येक माणसे गावी परतली होती. आमच्या संघटनेतले त्या बाजूचे गडी सांगत, की कौले पत्त्यांसारखी उडाली, पत्रे वाकून झाडांत अडकले, आणि घरातली सगळी माणसे माजघरात भिंतीला चिकटून दाराचा अडसर धरून बसली. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावून फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. तेवढ्या वर्षांची मिळकत एका दुपारी गेली. पुढे कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. फ्लोरिडातल्या त्या कुटुंबाची आणि श्रीवर्धनच्या या कुटुंबाची भाषा वेगळी, पण दाराला लावलेली पाठ सारखीच.

तेव्हा घरी नेण्याजोगे काय आहे? अमेरिकेतले जाणते लोक एक सूत्र सांगतात : पाण्यापासून पळावे, वाऱ्यापासून लपावे. आपले घर सखल जागी, खाडीकाठी किंवा समुद्रालगत असेल तर राहण्याचा विचारच करू नये. घर कितीही पक्के असो. घर उंचावर आणि भक्कम असेल तर मधल्या, बिनखिडकीच्या खोलीत राहावे. दाब मोकळा करण्यासाठी खिडकी उघडावी हा जुना समज चुकीचा आहे. खिडक्या बंदच ठेवाव्यात. वारा एकाएकी पडला तर बाहेर येऊ नये. पाणी चढू लागले तर बंद माळ्यावर अडकून पडू नये. जनरेटर घराबाहेर, दारेखिडक्यांपासून दूर ठेवावा. आणि शेजारी एकटी म्हातारी माणसे कोण आहेत, हे वादळाची वर्दी येण्यापूर्वीच माहीत करून घ्यावे. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

एवढे प्रत्येकाने आपापल्या घरी करावे. पण गाडी, भरपगारी रजा, जनावरांसह आसरा आणि छपराला पुरेसे खिळे, या गोष्टी एकट्या घराच्या हातातल्या नव्हेत. त्या गावाने, सरकारने आणि मालकाने मिळून आधी करून ठेवण्याच्या आहेत, आणि मागितल्यावाचून त्या होत नाहीत हा आमचा उभ्या आयुष्याचा अनुभव आहे. घर सोडा, असे सांगणाऱ्याने कशाने जावे आणि कोठे जावे हेही सांगितले पाहिजे. ते सांगितले जाते की नाही, हे आपल्या किनाऱ्यावर पुढला लाल बावटा चढण्यापूर्वी आपण विचारून ठेवू या.